काक्षी मंदावलाय की आपले डोळे फसतायत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: महिन्याभरापूर्वी मृग नक्षत्रातला काक्षी (बेटेलज्यूज) हा तारा त्याच नक्षत्रातल्या राजन्याच्या (रायजेल) तोडीस तोड दिसत होता, गेला आठवडाभर मात्र तो फिका वाटतोय. तो फुटायच्या बेतात आहे का? आणि नीट पाहायचं तर मोठी दुर्बीण घ्यावी लागेल का?

मी वीसेक वर्षं रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या ताऱ्यांच्या नोंदी ठेवतोय. बहुतेक नुसत्या डोळ्यांनी, काही लहान द्विनेत्रीने (बायनॉक्युलरने). काक्षी पहिल्यापासून माझ्या यादीत आहे. दुर्बिणीचं उत्तर लगेच देतो: नको, उलट ती अडचणच करेल. स्फोटाचं उत्तरही तितकंच स्पष्ट आहे: तारा फिका पडला म्हणजे फुटायला आला असं होत नाही. पण या दोन्हींच्या आधी एक प्रश्न येतो आणि तो तुमच्या ‘वाटतोय’ या शब्दात दडलेला आहे. काक्षी खरोखर कमी-जास्त होणारा तारा आहे, त्यामुळे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर असू शकतं. पण डोळ्याला हमखास चकवणारे जे तारे आहेत त्यांतही तो वरच्या रांगेत आहे. म्हणून आधी डोळ्याचा हिशेब, मग ताऱ्याचा.

नवख्या वाचकांसाठी जागा सांगून ठेवतो. मृगाच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण सगळे ओळखतात. त्या बाणाच्या रेषेत एका बाजूला गेलं की व्याध लागतो, दुसऱ्या बाजूला रोहिणी. बाणाच्या दोन्ही अंगांना मृगाचे चार पाय आहेत. त्यातला तांबूस पाय म्हणजे काक्षी आणि त्याच्या तिरक्या समोरचा निळसर पांढरा पाय म्हणजे राजन्य. काक्षीच्या जवळचा, बाणाच्या त्याच अंगाचा दुसरा पाय म्हणजे बेलाट्रिक्स. हा तारा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता तुमच्या तुलनेकडे येऊ. तुम्ही काक्षी राजन्याशी ताडून पाहिलात. साहजिक आहे, दोघे एकाच आकृतीत आहेत. पण ही जोडी तुलनेसाठी सगळ्यांत अवघड. राजन्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे १२,००० केल्विन, काक्षीचं साधारण ३,५०० ते ३,६००. म्हणजे एक निळसर, दुसरा नारिंगी. डोळ्यातल्या ज्या पेशी अंधारात काम करतात त्यांना लाल प्रकाश फार कमी कळतो. ज्या पेशी उजेडात काम करतात त्यांना तो चांगला कळतो. त्यामुळे काळ्याकुट्ट आकाशात तांबडा तारा पांढऱ्याच्या तुलनेत दबतो आणि चांदण्यात किंवा दिव्यांच्या उजेडात तोच तारा वरचढ वाटतो. तुमची महिन्यापूर्वीची रात्र चंद्राची होती का, आणि हा आठवडा अंधारा आहे का? तसं असेल तर तुम्हाला दिसलेला निदान थोडा फरक ताऱ्यात नसून तुमच्या डोळ्यात असू शकतो.

दुसरी फसगत याहून मोठी आहे. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहत राहिलं की तो काही सेकंदांत हळूहळू उजळत जातो. पहिल्या दोन वर्षांतल्या माझ्या नोंदी आज काढून पाहिल्या तर त्यात काक्षी सातत्याने ०.३ ते ०.४ प्रतीने (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप) जास्त तेजस्वी लिहिलेला आहे. त्याच रात्रींच्या इतर निरीक्षकांच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर मला ते कळलं. कारण एकच होतं: मला तो तारा आवडायचा, मी त्याच्याकडे पाहत बसायचो आणि मग घाईने दुसऱ्या ताऱ्याकडे नजर टाकायचो. तेव्हापासून नियम केला, दोन्ही ताऱ्यांना सारखाच वेळ द्यायचा. एकावर क्षणभर नजर, लगेच दुसऱ्यावर क्षणभर, पुन्हा पहिल्यावर. असं चार-पाच वेळा केलं की जो निर्णय होतो तो लिहायचा आणि मग बदलायचा नाही.

तुम्हाला दूरचं दिसायला चष्मा लागत असेल, तर एक युक्ती सांगतो. चष्मा काढा. तारे बिंदू न राहता लहान लहान मऊ ठिपके होतात आणि बिंदूंपेक्षा ठिपक्यांची तुलना डोळ्याला खूप सोपी जाते. चष्मा नसेल तर द्विनेत्रीचा फोकस किंचित हलवून तेच साधतं, फक्त दोन तारे एकाच वेळी तिच्या दृष्टिक्षेत्रात बसत नाहीत, म्हणून एकाकडून दुसऱ्याकडे वळावं लागतं. दुर्बिणीत तर तो त्रास आणखी वाढतो. क्षेत्र अगदी लहान, आणि काक्षी इतका झगझगीत दिसतो की तुलनेला जोडीदारच उरत नाही. मोठ्या दुर्बिणीतही तो बिंदूच राहतो, हेही आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे निराशा नको.

तिसरी गोष्ट हवा. तारा जितका खाली, तितक्या जाड थरातून त्याचा प्रकाश येतो. ३० अंश उंचीवरच्या ताऱ्याचा प्रकाश माथ्यावरच्या ताऱ्याच्या दुप्पट हवेतून येतो. १० अंशांवर साडेपाच पट. स्वच्छ रात्रीही १० अंशांवरचा तारा माथ्याच्या तुलनेत जवळपास एक प्रत गमावून बसतो, धुरकट हवेत त्याहून जास्त. मृग एका बाजूला कललेला असताना त्याचे चारही पाय एका उंचीवर नसतात, मग खालच्या पायाचा तोटा होतो. म्हणून मी काक्षीची नोंद शक्यतो तो मध्यमंडलाजवळ, म्हणजे आपल्या वाटेतल्या सर्वांत उंच जागी असतानाच घेतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ही वेळ मध्यरात्रीच्या आसपास येते, फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री नऊच्या सुमारास.

या वेळेचा आणखी एक मोठा फायदा आहे. तेव्हा काक्षीच्या पश्चिमेला रोहिणी आणि पूर्वेला प्रश्वा (प्रोसियॉन), दोघेही साधारण त्याच्याइतक्याच उंचीवर असतात. तुमचे खरे मापदंड हेच दोन. प्रश्वाची दृश्यप्रत जवळपास ०.४ आणि रोहिणीची ०.९. आकडा लहान तितका तारा तेजस्वी, हे तुम्हाला माहीत असेलच. एका प्रतीचा फरक म्हणजे तेजात अडीच पट. रोहिणी काक्षीसारखीच नारिंगी आहे, म्हणून रंगाचा घोटाळा तिच्यापुरता बराच कमी होतो. ती स्वतः थोडीशी कमी-जास्त होते, पण आपल्या कामाला तेवढं चालतं.

पद्धत अशी. आधी विचारा, काक्षी प्रश्वापेक्षा कमी आहे का? हो. रोहिणीपेक्षा जास्त आहे का? हो. मग या दोघांमधल्या अंतराचे मनात पाच भाग करा आणि काक्षी प्रश्वापासून किती भाग खाली वाटतो ते ठरवा. दोन भाग वाटला तर ०.४ मध्ये ०.२ मिळवा, उत्तर ०.६. तो रोहिणीहूनही कमी वाटला तर मिथुन राशीतला पोलक्स घ्या, त्याची प्रत १.१ च्या थोडी वर आहे. त्याच्याही खाली गेला तर बेलाट्रिक्स, १.६. सरावलेल्या डोळ्याची चूक या रीतीने एक दशांश प्रतीपर्यंत येते, तांबड्या ताऱ्यासाठी त्याहून थोडी जास्त धरा. म्हणजे एका रात्री ०.५ आणि दुसऱ्या रात्री ०.६ लिहिलंत तर तो बदल नाही. महिन्याभरात ०.५ वरून ०.९ वर आलात आणि मधल्या नोंदी एकाच दिशेने सरकत गेल्या, तर तो बदल आहे.

तुमच्या बाबतीत मी आज एवढंच म्हणू शकतो: राजन्याची प्रत सुमारे ०.१. काक्षी त्याच्या तोडीस तोड होता हे खरं असेल तर तो आपल्या नेहमीच्या मर्यादेच्या वरच्या टोकाला होता, आणि तिथून खाली येणं हे त्याचं रोजचंच वागणं आहे.

कारण काक्षी सहसा ०.३ ते ०.९ च्या दरम्यान फिरतो, कधीमधी या मर्यादा ओलांडतो. एप्रिल २०२३ मध्ये तो शून्याच्या आसपास पोहोचला होता. तो बदलतो ही गोष्ट जॉन हर्शेल यांच्या लक्षात १८३६ मध्ये आली, तीही नुसत्या डोळ्यांनी, शेजारच्या ताऱ्यांशी ताडून. त्याच्या चढउतारात दोन आवर्तनं ठळक दिसतात. एक साधारण ४०० दिवसांचं आणि दुसरं सुमारे २,१०० दिवसांचं, म्हणजे पावणेसहा वर्षांचं. घड्याळासारखी ती नेमकी नाहीत, म्हणून पुढच्या महिन्यात तो किती असेल हे छातीठोकपणे कोणी सांगू नये. मीही सांगत नाही.

चारशे दिवसांचं आवर्तन म्हणजे ताऱ्याचं फुगणं आणि आकसणं. त्याच्या वस्तुमानाचा अंदाज सूर्याच्या पंधरा ते वीस पट आहे, पण आकार सूर्याच्या सातशे पटींच्या घरात. सूर्याच्या जागी ठेवला तर मंगळाची कक्षा गिळून पुढे जाईल. एवढ्या विरळ, फुगलेल्या वायूला गुरुत्वाकर्षण सैलसरच धरून ठेवतं. सूर्याच्या पृष्ठभागावर उकळत्या वायूचे लाखो कण दिसतात, प्रत्येक हजारेक किलोमीटरचा. काक्षीवर असे मोजकेच, अवाढव्य बुडबुडे असतात. त्यातला एक तापून वर आला किंवा थंड होऊन खाली गेला तरी पूर्ण ताऱ्याचं तेज हलतं. त्यात भर अशी की हा तारा आपला बहुतांश प्रकाश अवरक्त पट्ट्यात टाकतो, डोळ्याला दिसणारा हिस्सा थोडाच. पृष्ठभाग शंभरेक अंशांनी थंड झाला तरी तो थोडा हिस्सा झपाट्याने घटतो, शिवाय वातावरणात टायटॅनियम ऑक्साइड वाढून उरलेला दृश्य प्रकाशही अडवतो. म्हणजे आपल्याला दिसणारा उतार हा ताऱ्याच्या एकूण ऊर्जेतल्या उतारापेक्षा बराच जास्त असतो.

एकवीसशे दिवसांच्या आवर्तनाचं कारण खूप काळ कोडं होतं. २०२४ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे मांडलं की काक्षीभोवती एक लहान तारा फिरत असावा. २०२५ मध्ये हवाईमधल्या जेमिनी नॉर्थ दुर्बिणीच्या निरीक्षणांतून त्याची क्षीण खूण सापडल्याचं जाहीर झालं. काक्षीपेक्षा सहा प्रतींनी मंद, आणि इतका जवळ की काक्षीच्या विस्तारलेल्या वातावरणातच तो फिरतोय. मला स्वतःला ही गेल्या काही वर्षांतली सर्वांत सुंदर बातमी वाटते, कारण तिच्या मुळाशी कित्येक दशकं जमा होत गेलेल्या, तुमच्या-माझ्यासारख्यांच्या साध्या नोंदीही आहेत.

आता २०१९-२० च्या प्रसंगाबद्दल, कारण तुमची शंका बहुधा तिथूनच आली असावी. २०१९ च्या शेवटी काक्षी उतरायला लागला आणि थांबेचना. फेब्रुवारी २०२० च्या मध्याची माझी नोंद समोर आहे: “रात्री ८.४०. चंद्र नाही. हवा चांगली. काक्षी = बेलाट्रिक्स? डोळे मिटून दोन मिनिटं थांबलो, पुन्हा पाहिलं. हो. १.६.” मृगाचे ते दोन शेजारी पाय सारखे दिसताहेत, हे मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. आकृतीच ओळखीची वाटेना. नेहमीच्या ०.५ वरून १.६ म्हणजे दृश्य तेज जवळपास एक तृतीयांशावर आलं होतं. त्या महिन्याच्या शेवटाकडे तो पुन्हा चढू लागला आणि वसंतापर्यंत पूर्वपदावर आला.

मोठ्या दुर्बिणींनी त्याचं कारण शोधलं. चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपने जानेवारी २०१९ आणि डिसेंबर २०१९ मध्ये घेतलेल्या प्रतिमा शेजारी ठेवल्या तर ताऱ्याचा दक्षिणेकडचा भाग काळवंडलेला दिसतो. हबल दुर्बिणीने अतिनील प्रकाशात त्याआधीच्या महिन्यांत वायूचा मोठा लोट बाहेर पडताना टिपला होता. तो लोट दूर जाऊन थंड झाला, त्यात धूळ तयार झाली आणि ती नेमकी आपल्या बाजूला होती. पृष्ठभागावरही एक मोठा भाग थंड पडला होता. दोन्ही मिळून तो अंधार. याची स्वतंत्र साक्ष एका अनपेक्षित जागेहून मिळाली: जपानच्या हिमावारी-८ या हवामान उपग्रहाच्या चित्रांत पृथ्वीच्या कडेला काक्षी सहज येत असे. ती जुनी चित्रं तपासल्यावर थंडावणं आणि धूळ, दोन्हींचे पुरावे सापडले.

स्फोटाकडे वळतो. वर सांगितलेलं सगळं, बुडबुडे, लोट, धूळ, हे ताऱ्याच्या सालीवर घडतं. स्फोट ठरतो गाभ्यात. काक्षीचा गाभा सध्या बहुधा हेलियम जाळतोय आणि ते इंधन अजून दीर्घकाळ पुरणारं आहे. ते संपल्यावर कार्बन, मग निऑन, ऑक्सिजन, शेवटी सिलिकॉन अशी पाळी येते आणि प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा आखूड. कार्बनचा शेकडो वर्षं किंवा जास्त, सिलिकॉनचा जेमतेम काही दिवस. पण बाहेरच्या अवाढव्य आवरणाला आतल्या या घाईचा पत्ता लागायलाच वेळ लागतो. म्हणून आपण बाहेरून आवरणाचं तेज पाहून गाभ्याची वेळ सांगू शकत नाही. एक लाख वर्षांच्या आत हा तारा फुटेल असा सर्वसाधारण अंदाज आहे. ती रात्र उद्याची असण्याची शक्यता शून्य नाही, पण तुमच्या आठवडाभराच्या फिकेपणाने ती शक्यता तसूभरही वाढत नाही.

खरी पूर्वसूचना आली तर ती डोळ्यांना दिसणारच नाही. गाभा कोसळताच न्यूट्रिनो नावाचे, पदार्थातून जवळपास न अडता जाणारे कण थेट बाहेर निघतात, धक्क्याची लाट मात्र आवरण फोडून पृष्ठभागावर यायला काही तास ते दिवसभर घेते. मोठ्या मॅगेलॅनिक मेघात, म्हणजे आपल्या शेजारच्या एका लहान दीर्घिकेत, २३ फेब्रुवारी १९८७ रोजी हेच घडलं. प्रकाश दिसण्याच्या सुमारे तीन तास आधी जपान, अमेरिका आणि रशियातल्या जमिनीखालच्या यंत्रांनी न्यूट्रिनो पकडले होते. काक्षीच्या बाबतीत अशा कणांचा पूर येईल, आणि जगभरच्या वेधशाळांना ताबडतोब खबर देणारं जाळं आता सज्ज आहे. भीतीचं कारणही नाही. त्याच्या अंतराबद्दल मतभेद आहेत, ५०० ते ७०० प्रकाशवर्षांपर्यंतचे आकडे निघतात, पण यातला कोणताही आकडा खरा धरला तरी पृथ्वीला धोका पोहोचत नाही. तो अर्ध्या चंद्राच्या तोलाचा उजेड देईल, दिवसाही दिसेल आणि मग महिन्यांनी विझत जाईल. शेजारच्या वृषभात १०५४ मध्ये असाच एक तारा फुटला होता. चिनी निरीक्षकांनी तो २३ दिवस भरदिवसा पाहिला. तो तर सुमारे ६,५०० प्रकाशवर्षांवर होता.

दुर्बिणीचा मुद्दा अर्धा राहिला होता. काक्षीचा आकाशातला व्यास एका विकलेच्या (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) विसाव्या भागाहूनही कमी आहे. अडीच सेंटीमीटरचं नाणं शंभर-सव्वाशे किलोमीटरवर ठेवलं तर तेवढं दिसेल. सूर्य सोडून कोणत्याही ताऱ्याचा व्यास पहिल्यांदा मोजला गेला तो याचाच, डिसेंबर १९२० मध्ये, मायकेलसन आणि पीझ यांनी. त्यांनी माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीवर वीस फुटांची तुळई बसवली आणि तिच्यावरचे आरसे एकमेकांपासून दूर सरकवत नेले. आरसे दहा फुटांवर गेले तेव्हा दोन्ही आरशांकडून आलेला प्रकाश मिसळून पडणारे पट्टे नाहीसे झाले आणि त्यावरून व्यास निघाला. तबकडी दिसायला एवढा खटाटोप लागतो. घरगुती दुर्बीण घ्यायचीच असेल तर मृगाच्या बाणाखालच्या तेजोमेघासाठी जरूर घ्या. काक्षीसाठी वही घ्या.

शेवटी एक अडचण, जी नवख्यांना ठाऊक नसते. मे ते जुलै काक्षी सूर्याच्या इतक्या जवळ असतो की तो दिसतच नाही, म्हणून सगळ्यांच्या आलेखात दरवर्षी तिथे भोक पडतं. एप्रिलच्या शेवटच्या नोंदी आणि ऑगस्टच्या पहाटेच्या पहिल्या नोंदी म्हणून मौल्यवान असतात. पण तेव्हा तारा क्षितिजाजवळ असतो, त्यामुळे हवेच्या हिशेबाची खबरदारी दुप्पट घ्या आणि तुलनेचा तारा त्याच उंचीवरचाच निवडा.

तर आता असं करा. या आठवड्यातल्या एखाद्या स्वच्छ रात्री वीस मिनिटं अंधारात थांबा, मोबाइल खिशात. काक्षी वर आल्यावर प्रश्वा आणि रोहिणीशी वरच्या रीतीने ताडा. वेळ, चंद्र, हवा, तुलनेचे तारे आणि आकडा लिहा. कालचा आकडा न पाहता लिहा, हे महत्त्वाचं, नाहीतर हात आपोआप तोच आकडा लिहितो. आठवड्यातून दोनदा पुरे, रोज नको, तो तारा एवढ्या घाईने बदलत नाही. पाच-सहा नोंदी झाल्या की मला कळवा. त्याच रात्रींच्या माझ्या नोंदी शेजारी ठेवून पाहू. तुमचे आणि माझे आकडे कायम सारख्याच अंतराने वेगळे आले तर तो आपल्या डोळ्यांतला फरक. दोघांचेही एकत्र खाली सरकले तर तुम्ही पाहिलंत ते खरं होतं.